झेलणारीचा आवाज

भेस्तान, सुरत
२२ जून २०२५

चि. उज्ज्वला,

आशीर्वाद आधी घे, राग मागून घे. दोन्ही याच पाकिटात आहेत.

फोन तू घेत नाहीस. सख्ख्या भावाचा, विकासदादाचा घेत नाहीस, माझा तर नाहीच नाही. म्हणून पत्र. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर वाचायला तुला त्रास होईल, होऊ दे. तू लहानपणी माझ्या ओट्यावर बसून मला कमी त्रास दिला नाहीस.

कामाचं सांगते. तीन ऑगस्टच्या रविवारी कानबाई बसणार. दरवर्षीप्रमाणे तुमच्याच घरी बसणार, दारापुढे मांडव पडणार, सगळी गल्ली येणार. फक्त तुझी आई नसणार. मालतीबाई गेल्यानंतरची ही पहिली कानबाई, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या तोंडी एकच प्रश्न आहे की यंदा गाणं उचलणार कोण. तू ये आणि उचल. एवढंच मागणं आहे.

तुझा नवरा पुण्याचा. हे पत्र त्याला वाचून दाखवशील तर त्याला समजावं म्हणून लिहिते, तुला माहीत आहे. कानबाई ही आमची खान्देशची देवी, श्रावणात घरी बसवतात. आणि आमच्याकडे गाणं एकटीचं नसतं. एक बाई ओळ उचलते आणि दुसरी ती झेलते. उचलणारी ओळीच्या टोकाला श्वास घ्यायला थांबते, त्या आधीच झेलणारीने पकडायचं, मध्ये फट पडू द्यायची नाही. तुझी आई उचलायची, मी झेलायचे. पारोळ्याहून दोघी एकाच वर्षी लग्न होऊन सुरतेत आलो, एकाच खात्यात बॉबिन भरायला लागलो. खातं म्हणजे लूमचा कारखाना, हे पण जावयाला सांग. तेव्हापासून तिच्या उजव्या हाताला मी बसले ती शेवटपर्यंत. लोक म्हणायचे, मालतीबाई काय गाते! बरोबरच म्हणायचे. पण मालतीबाई पडली नाही कधी, ती माझ्यामुळे. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

कडोदऱ्याच्या लग्नाचं तुला आठवतं का? तू आईच्या मांडीवर झोपलेली होतीस, तुला कसं आठवणार. मांडवात हळद लागत होती आणि बाहेर बँडवाल्यांनी असा धुमाकूळ घातला होता की नवरीला स्वतःचं नाव ऐकू येईना. बायका म्हणाल्या, राहू द्या आज गाणं. तुझी आई म्हणाली, "राहू काबर द्यायचं? लूमपेक्षा मोठा शे का तेस्ना बँड?" आणि तिने उचललं. दुसऱ्या कडव्याला बाहेरचं पिपाणीवालं कोणीतरी थांबलं. मग ढोलवाला. मग सगळेच. बँडचा मुकादम चपला काढून मांडवात आला आणि पाठीमागे उभा राहून ऐकत राहिला. पैसे घेऊन वाजवायला आलेला माणूस वाजवणं सोडून ऐकतो, अशी गाणारी सुरतेत दुसरी दाखव मला. ती जीव काढून ठेवायची गं समोर. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही आपल्याच घरातलं सांगते आहे.

तुझ्या गळ्यात ते आहे. तू आठवीत असताना मी ऐकलंय, भांडी घासताना. मला शिकवू नकोस.

उत्तर पाठव.

तुझी
अनुसया मावशी


१० जुलै २०२५

चि. उज्ज्वला,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला दोष देऊन पाहिला, तो म्हणाला, मावशी, आमचं काम फक्त टाकायचं. खरं आहे त्याचं.

इकडे काय चाललंय ते ऐक. मंडळाचा महेश, आपल्या पंडितकाकांचा थोरला, तुझ्याबरोबर शाळेत होता तो, परवा मोबाइल घेऊन आला. पोरगा वाईट नाही. तुझ्या आईला ॲम्ब्युलन्समध्ये त्यानेच उचलून ठेवलं होतं. म्हणाला, "मावशी, सगळ्यांचा प्रश्न सोडवला. यंदा मालतीकाकूच गातील."

म्हटलं, कशी?

तर आमची ती जुनी कॅसेट. ती त्याने कुठूनतरी मिळवली, मोबाइलमध्ये घेतली आणि कसल्याशा ॲपने साफ केली. "एकदम चोख्खो आवाज, मावशी. लूमचा घोंघाट सगळा काढून टाकला. डीजेवर लावू, अख्ख्या भेस्तानला ऐकू जाईल."

कॅसेटची गोष्ट तुला अर्धीच माहीत असेल, तू चौथीत होतीस. धुळ्याचा एक कॅसेटवाला आला होता, कानबाईची गाणी भरून घ्यायला. रिंग रोडला स्टुडिओ भाड्याने घेतला. आम्ही दोघी नव्या साड्या नेसून गेलो. आत भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, दार बंद केलं की स्वतःच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटायचा. तुझ्या आईने ओळ उचलली आणि मध्येच थांबली. पुन्हा उचलली, पुन्हा थांबली. बँड थांबवणारी बाई, आणि तिला ठेका सापडेना! कॅसेटवाला घड्याळ बघायला लागला. शेवटी ती मला म्हणाली, "अनुसया, आठे इतलं चिडीचूप काबर शे वं? माले भ्याव वाटस."

मला तेव्हा कळलं. आमचं सगळं गाणं खात्यात घोटलेलं. बॉबिन भरता भरता, बाजूला लूमची खटाक-खट, खटाक-खट चालू असताना. ताल तो धरायचा, आम्ही फक्त गायचो. ढोलकीवाला आम्हाला कधी लागलाच नाही. लग्नात, कानबाईला शंभर बायका टाळ्या वाजवतात, तेही चालतं. पण त्या गादीच्या खोलीत तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती. मी कॅसेटवाल्याला सांगितलं, गाणं पाहिजे असेल तर यंत्र घेऊन आमच्या खात्यात चल. तो हसला. मग आला. चार लूम चालू ठेवून आम्ही गायलो आणि एका दमात सगळी कॅसेट भरली. तो म्हणाला आवाज खराब आलाय, कुणी घेणार नाही. पुढचं तुला माहीतच आहे. उधन्यापासून लिंबायतपर्यंत श्रावणात दुसरं काही वाजायचं नाही.

तर महेशने ती साफ केलेली ऐकवली. मी चष्मा काढून डोळे मिटून ऐकलं. तुझ्या आईचा आवाज आला, अगदी समोर बसल्यासारखा. "उनी उनी कानबाई, पाय धुवाले पानी आना..." आणि ओळीच्या टोकाला ती थांबली, आणि मग काहीच नाही. नुसती शांतता. मग दुसरी ओळ. मग पुन्हा शांतता.

मी म्हटलं, "महेश, मी कुठे गेले?"

तो खाली बघायला लागला. त्या ॲपने लूमच्या घोंघाटाबरोबर मलाही काढून टाकलं होतं. म्हणे खालच्या पट्टीतलं सगळंच गेलं. तीस-पस्तीस वर्षं गायले आणि शेवटी कचऱ्यात निघाले! मला असा संताप आला की मी त्याला चहासुद्धा दिला नाही. मग तो गेल्यावर एकटीच हसले. मालतीला सांगायला पाहिजे होतं, ती लोळून हसली असती.

पण हसण्यासारखं नाहीये ते, पोरी. ती हाक मारते आणि कोणी ओ देत नाही, असं ऐकू येतं. असं ती एकदाच गायली आयुष्यात. ते मी तुला लिहीन, पण आधी तू उत्तर दे.

महेश म्हणतो, मावशी, मग तुम्हीच उचला. नाहीतर डीजे नक्की. तुझ्यासाठी थांबवून ठेवलाय त्याला.

तुझी
अनुसया मावशी


२० जुलै २०२५

उज्ज्वला,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी का होईना, तू लिहिलंस. मी तीन वेळा वाचल्या आणि चौथ्यांदा विकासदादाला वाचायला दिल्या. तो पलसाण्याच्या मिलमधून पाळी करून आला होता, वाचून त्याने कागदाची घडी करून मला परत दिली. तुला माहीत आहे तो कसा आहे, बापासारखा भांडत नाही आणि आईसारखा बोलत नाही.

तू लिहिलंस, "जगाच्या पोरींच्या हळदीला गाणारी माझी आई माझ्या हळदीला तोंड मिटून बसली. मी माझ्या मनाने लग्न केलं म्हणून. आता तिच्या जागी मी का गाऊ?"

बरं. आता मी सांगते ते ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

लग्न पुण्याला झालं. हॉल सासरच्यांनी घेतलेला, गारेगार, खाली गालिचा, दोन्हीकडची मिळून मोजकी माणसं. तुझ्या सासरी तशीच रीत, त्यांना नावं ठेवत नाही. तुमच्याकडून घरची तेवढी गेली. मला बोलावणं नव्हतं. मी मावशी, पण सख्खी नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण मी ते कुणाला दाखवलं नाही, कारण माझा पण काही मान आहे.

तुझी आई निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन बसली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "मी उचलसू, पन कोन झेली?" मी म्हटलं, तिथे बायका असतील की. ती म्हणाली, "तठे कोनले येस अहिरानी?" मी म्हटलं, मग उज्ज्वलाला सांग, अनुसयाला पण घेऊन चल. त्यावर ती जे बोलली ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. म्हणाली, "काय सांगू मनी आंडेरले? तिनी मायले एकलीले गाता येत नही?"

आंडेर म्हणजे लेक, विसरली असशील म्हणून लिहिते. बस्स. एवढंच होतं. बाकी जे तू नऊ वर्षं मनात धरून बसलीस ते काही नव्हतं. तिला जावई आवडला होता. त्याच्या हाताची बोटं लांब आहेत, लूमवर चांगला टिकला असता, असं म्हणायची.

तिथून परत आली तेव्हा मला म्हणाली, एकदा ओळ उचलली होती, ओठातल्या ओठात. गालिच्यात पाऊल सुद्धा वाजत नव्हतं, टाळी कुणी धरली नाही. टोकाला थांबली तर पुढे कोणीच नव्हतं. मग नाही उचलली. तू समोर हळदीत बसली होतीस, फोटोवाला तुला इकडे बघ तिकडे बघ म्हणत होता. तुझ्या कानावर ती ओळ पोचलीच नाही.

आता महेशचा तो साफ केलेला आवाज मी तुझ्या मोबाइलवर पाठवायला सांगितलाय. ऐक. म्हणजे तुझी आई तुझ्या हळदीला कशी होती ते तुला कळेल. मला ते शब्दांत लिहिता येत नाही.

तू विचारशील, तिने स्वतः का नाही सांगितलं? कारण ती मालतीबाई होती. बँड थांबवणारी. तिने कुणाकडे जागा मागितली नाही कधी, आणि तू तिचीच आहेस, तू विचारलं नाहीस. दोघींची मान ताठ. मध्ये नऊ वर्षं गेली. मला दोघींचा अभिमान आहे आणि दोघींना एकेक थोबाडीत द्यावीशी पण वाटते. तिची राहून गेली.

अनुसया मावशी


३१ जुलै २०२५

चि. उज्ज्वला,

हे पत्र तुझ्या आधी पोचतं की तू याच्या आधी निघतेस, देव जाणे. तरी लिहिते, हाताला सवय झाली.

मंडळाची बैठक झाली. सगळ्यांचं म्हणणं, अनुसयाबाई, तुम्हीच उचला, नाहीतर डीजेवर मालतीबाईंचा आवाज लावू, लोकांना तोच ऐकायचाय. मी सांगितलं, मी उचलणार नाही. महेश म्हणाला, "पण का? तुम्हाला सगळी गाणी येतात." येतात. त्याच्या आजीपासूनची येतात. पण मी झेलणारी आहे. लोकांना वाटतं झेलणारी म्हणजे मागची, दुय्यम, उचलणारी मेली की तिला बढती मिळते. तसं नसतं. ते वेगळं काम आहे आणि ते माझ्याइतकं चांगलं मी कुणाचं ऐकलेलं नाही. म्हातारपणी मी माझी जागा सोडणार नाही.

मग कोण उचलणार, म्हणाले. मी म्हटलं, मालतीबाईंची मुलगी.

ती येणार आहे का?

मी म्हटलं, हो.

आता तू ठरव मला खोटं पाडायचं का. विकासदादाच्या बायकोने, छायाने, तुझ्यासाठी वरची खोली झाडून ठेवली आहे. महेशने डीजेवाल्याला पण सांगून ठेवलंय, तोही बरोबरच आहे त्याच्या जागी. आरतीनंतर कोणी उचललं नाही, तर महेश बटण दाबणार.

मावशी


७ ऑगस्ट २०२५

चि. उज्ज्वला,

पुण्याला नीट पोचलीस हे विकासदादाने सांगितलं. तू निघालीस तेव्हा इतक्या बायका तुला चिकटल्या होत्या की माझं बोलणं राहून गेलं. मला स्टेशनवर बोलताही येत नाही, सगळे ऐकतात.

आधी तुझ्या चुका सांगते.

एक. तू रविवारी दुपारी आलीस, कानबाईपुढे नारळ ठेवलास आणि खांबाला टेकून बसलीस ती थेट आरतीपर्यंत. मी पाच वेळा तुझ्याकडे पाहिलं, तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. माझं वय काय, तुझं वागणं काय!

दोन. आरती झाली, सगळ्या बायका बसल्या, आणि कोणीच उचलेना. मी तुझ्या आईच्या जागेच्या उजव्या हाताला बसले होते, मधली जागा मोकळी ठेवून. मी तोंड उघडणार नव्हते, मांडव कोसळला तरी. महेश डीजेच्या टेबलाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, थांब. तो थांबला, खरंच थांबला पोरगा. मागून कोणीतरी म्हणालं, "लावी द्या आते." त्याचा हात गेला पण बटणाकडे. तेव्हा कुठे तू उठलीस. इतका उशीर करतात का?

तीन. तू येऊन त्या जागेवर बसलीस आणि तळहाताने जमिनीवर ठेका धरलास. खटाक-खट, खटाक-खट. तो चुकीचा नव्हता. तो लूमचाच होता. पण मग तू उचललीस ती दुसरी ओळ! "दूर देशनं गाव हाई, तिले वाट दखाडा." अगं, आधी कानबाई येते, पाय धुते, मग वाट विचारते. तू तिला दारात उभं ठेवून वाट दाखवायला निघालीस. वर पट्टी इतकी चढी धरलीस की टोकाला तुझा आवाज चिरला.

मी झेललं.

तुला कळलं का काय झालं? तुझा आवाज जिथे चिरला ना, तिथेच मी खालून धरलं, आणि पाय धुवायची पहिली ओळ झेलीत घेतली, जणू काही ते गाणं तसंच होतं. बायकांना वाटलं मालतीबाईच्या मुलीने नवीन काढलं. इंदुबाई तर मला म्हणाली, आधी वाट, मग पाणी, हेच खरं बरोबर आहे, परदेशात आलेल्या देवीला आधी वाटच लागते. घ्या! आता पुढल्या वर्षी सगळ्या तसंच गातील. चूक तुझी आणि ती रीत होऊन बसणार.

यालाच झेलणं म्हणतात, पोरी. वरून काहीही येवो, खाली पडू द्यायचं नाही. माझ्या अख्ख्या जन्मात मी इतकं अवघड झेललं नव्हतं, आणि इतकं चांगलंही नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण सांगायला मालती नाही.

तुझ्या आईसारखं नव्हतं हं ते. उगाच हवेत जाऊ नकोस. तिचा आवाज जाड सुताचा, तुझा बारीक. तिसऱ्या कडव्याला तुझी भीती गेली आणि मग तो उघडला, तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. तुझ्याकडे बघत होते. आईचं गाणं आणि तोंड तुझं. डीजेवाला टेबलावरून उतरून खाली बसला होता आणि मांडीवर ठेका धरत होता, ते तू पाहिलं नसशील.

सोमवारी विसर्जनाहून आल्यावर छायाने नैवेद्याचे रोट काढले तेव्हा तू हात पुढे केलास, आणि तिने ताट मागे घेतलं. तुझा चेहरा पडला, मी पाहिलं. छायाचा दोष नाही. कानबाईचा रोट कुळातच खायचा, लग्न होऊन गेलेल्या मुलीला तो चालत नाही, ही आमच्याकडची रीत आहे आणि तुझ्या आईने पण ती मोडली नसती. पण गाण्याला असली रीत नाही. ते दुसऱ्या कुळात गेलं तरी बाटत नाही. तू ते घेऊन गेलीस, आणि तुला कोणी अडवलं नाही.

महेशने सगळं मोबाइलमध्ये घेतलंय. काल विचारायला आला, "मावशी, साफ करून देऊ का?" मी म्हटलं, हात लावलास तर याद राख. पंख्याची घरघर राहू दे, कुणाचं तरी पोर रडतंय ते राहू दे, तिची चूक राहू दे. आणि मला राहू दे. या वेळी त्याला चहा दिला, खारी पण दिली.

आता शेवटचं. गाडी सुटताना तू खिडकीतून विचारलंस, "मावशी, आई माझ्या हळदीला खरंच गाणार होती?" आणि गाडी हलली.

तुझ्या लग्नाआधी आठ दिवस ती रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायची. तुझ्यासाठी तिने नवं जोडलं होतं, दुसऱ्या कुणाच्या हळदीत कधी गायली नाही. ती उचलायची, मी झेलायचे. मी पुण्याला जाणार नव्हते, तरी झेलायचे. अहिराणी विसरली असशील तर विकासदादाला विचार, लाजू नकोस.

हयद लागनी उज्ज्वलाले, आंगन पिवयं व्हयनं
मनी आंडेर दूर जाई, तिना मांगे मन्ह गानं

हे घोटून, पाठ करून ती गाडीत बसली होती. तुझी आई पुण्याला गप्प बसायला आली नव्हती.

तुझी
अनुसया मावशी